हात कुणी लावला

माझी बायको संशयी आहे, असं चारचौघांत म्हटलं की लोक मिशीत हसतात. त्यांना वाटतं, माझंच कुठंतरी पाणी मुरत असणार. तसं काही नाही. हर्षदाचा माझ्यावर संशय नाही; संशय घ्यावा इतका मी तिला रंजक वाटतच नाही. तिचा संशय काचेच्या बाटलीवर असतो, पाण्यावर असतो, स्वतःच्या हातांवर असतो. नव्या कोऱ्या झाकणाचं प्लास्टिक आतल्या द्रवात उतरलं नसेल कशावरून, हा तिचा प्रश्न. दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये पेपरात बांधलेली भजी येत नाहीत, कारण शाई. हळद घरी कुटायची, कारण बाजारच्या हळदीचा रंग जरा जास्तच पिवळा. मी सिग्नल खात्यात आहे. आमच्याकडंही नियम असतो: काही बिघडलं की सिग्नल लालच राहिला पाहिजे. पण ड्युटी संपली की मी तो नियम तिथंच ठेवून येतो. ही घरी घेऊन येते आणि आम्हाला जेवायला वाढते.

तिचं माहेर शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या पुढं. वडील गेणबा टकले. त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांचं सगळं तरुणपण मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं, पाऊस तोंडावर आला की वर यायचं. पुढं बंधाऱ्याचं पाणी झालं, आबांनी जमिनीचा तुकडा घेतला, कांदा नि झेंडू करायला लागले. मेंढ्या दहा-पंधरा राहिल्या, त्याही सवय म्हणून. घर पक्कं झालं, लाईट आली, लेक शाळेत पहिली आली, तरी गावाच्या लेखी ते उपरेच. भांडण निघालं की कुणीतरी म्हणायचंच, "तुमचं काय, आज हितं, उद्या तिथं." आबा ऐकून घ्यायचे. मला ते आवडत नसे, पण जावयानं सासुरवाडीच्या गावात तोंड उघडू नये म्हणतात.

हर्षदा शिरूरला बी.एस्सी. झाली, पुण्यात एम.एस्सी. आणि मग सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएच.डी. तिचं सगळं काम एका यंत्रावर, मास स्पेक्ट्रोमीटरवर. लग्नाआधी तिनं मला ते समजावून सांगितलं होतं. पदार्थाचे रेणू विजेनं फोडायचे, तुकड्यांची वजनं करायची आणि वजनांवरून मूळ पदार्थ ओळखायचा. अंगणात पडलेल्या काचांवरून बांगडी कुणाच्या हातातली ते सांगावं, तसं. मी म्हणालो, मग यंत्र खोटं बोलत नाही म्हणायचं. ती म्हणाली, "यंत्र खोटं बोलत नाही. पण त्याच्यात काय गेलं, ते त्याला कुठं माहीत असतं?" तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

पीएच.डी. झाल्यावर ती पुण्यातल्या एका संस्थेत जुन्या खापरांवर काम करू लागली. मातीचं मडकं स्वयंपाकातलं तेल-तूप पोटात ओढून घेतं आणि शेकडो वर्षं सोडत नाही. खापर कुटायचं, त्यातलं तेल औषधात उतरवायचं, यंत्राला द्यायचं, की त्या मडक्यात काय शिजत होतं ते कळतं. नोकरी तात्पुरती, दर वर्षी वाढवून मिळणारी. रोज दौंडहून सकाळच्या डेमूनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं. तिच्या मॅडमनी सांगून ठेवलं होतं, कायमची जागा निघणार आहे, हातात एखादं घसघशीत काम असू दे. ती जागा हर्षदाला हवी होती. घरात दुसरा विषय नव्हता.

त्या हिवाळ्यात माहेरच्या गावात मारुतरावांनी कांदाचाळीच्या पायासाठी जेसीबी लावला आणि जमिनीतून एक मोठा रांजण वर आला, फुटलेला. मारुतराव म्हणजे गावातलं मोठं खातं, आणि आबांना उपरं म्हणणाऱ्यांत पहिला आवाज त्यांचाच. त्या पट्ट्यात जुन्या खापरांचं कुणाला नवल नाही. पूर्वी खोदकामं झाली तेव्हापासून शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे, की जुनी माणसं मेलेलं लेकरू रांजणात ठेवून घरातच पुरायची. पण गावाला त्याहून पक्कं दुसरं एक माहीत असतं: रांजण म्हणजे सोनं. रांजणात माती निघाली, तरी लोकांचा विश्वास बसेना. मातीच निघाली तर मग पुण्याच्या बाया गाडी घेऊन का आल्या, असा त्यांचा बिनतोड सवाल.

रीतसर परवानगी निघाली. मॅडम आणि हर्षदा जाऊन खापरं घेऊन आल्या. आजूबाजूची माती तिथंच बाटलीत बंद केली. खापरं ओली होती. ओली बांधली तर बुरशी धरते, म्हणून ती वाळेपर्यंत आबांच्या पडवीत स्वच्छ पत्र्यावर मांडून ठेवली. हर्षदानं सगळ्यांना बजावलं, "कुणी हात लावायचा नाही." मग ती पुण्याला गेली आणि वाळल्यावर येऊन चांदीच्या कागदात बांधून घेऊन गेली. मारुतरावांनी तेवढ्यात गावभर केलं, "रांजण गेणबाच्या पडवीत ऱ्हायला. आता काय गावायचं?"

मग उत्तर आलं. मेंढीच्या अंगाला हात लावला की हाताला जो चिकट, मेणचट वास लागतो, ती लोकरीतली चरबी त्या खापरात निघाली. बाटलीतल्या मातीत नव्हती, फक्त खापरात. मॅडमना आनंद मावेना. तीन हजार वर्षांपूर्वी घोड नदीच्या काठावर लोकरीचं काम होत होतं, असा त्याचा अर्थ. निबंध लिहून झाला, बाहेरच्या देशातल्या नियतकालिकानं स्वीकारला. पेपरच्या आमच्या भागातल्या पानावर हर्षदाचा फोटो छापून आला. आणि कायमच्या जागेची मुलाखत लागली.

पण खरा आनंद बघावा तो आबांचा. त्यांनी पेपर बिरोबाच्या देवळात नेऊन पुजाऱ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला. पारावर मारुतराव बसले होते, त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आमी कुटनं आलो न्हाई मारुतराव. मेंढरंवालं हितलंच. तुमचा कांदा मागनं आलाय." सासूबाईंनी मला फोनवर हे दोनदा सांगितलं. आबा आयुष्यात पहिल्यांदाच पारावर बसून चहा प्यायले म्हणे.

इथं दुसरी कुणी असती तर पेढे वाटले असते. हर्षदाचं जेवण कमी झालं. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, "उत्तर फार गोड आलंय."

"मग बरंच आहे की."

"धनगराच्या पोरीनं मडकं तपासावं, आणि मडक्यात लोकरच निघावी? दुसऱ्या कुणाला सापडली असती तर मी मानलं असतं."

मी कपाळावर हात मारला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, हे ऐकलं होतं. ही तोंड न पोळताच फुंकत होती.

तिनं उरलेलं एक खापर घेतलं. तेल मडक्याच्या आत असतं, म्हणून आतली बाजू तपासायची आणि बाहेरचा थर खरवडून टाकायचा, अशी पद्धत. हिनं तो टाकायचा थरच यंत्राला दिला. बाहेरच्या बाजूला आतल्यापेक्षा जास्त चरबी निघाली. आता मला सांगा, मडक्यात लोकर धुतली तर चरबी बाहेरून जास्त कशी लागेल? एवढं मलाही कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात पोलीस चौकी सुरू झाली. पहिला संशय बाटल्यांवर, दुसरा यंत्रावर, तिसरा ज्ञानेश्वरीवर. ज्ञानेश्वरी ही केडगावची मुलगी, प्रयोगशाळेत मदतनीस, हर्षदाबरोबरच रोज गाडीनं जाणारी. थंडीत ती हाताला क्रीम लावायची, आणि तसल्या क्रीममध्ये लोकरीची चरबी घालतात. हर्षदानं तिला विचारलं, क्रीम लावलेल्या हातानं खापर धरलं होतंस का. ती नाही म्हणाली. हर्षदानं तिच्या पर्समधली ट्यूब मागून घेतली आणि तपासली. त्या ट्यूबमध्ये लोकरीचं काहीच नव्हतं. ट्यूब परत दिली, पण ज्ञानेश्वरी त्यानंतर दुसऱ्या डब्यात बसायला लागली. मी म्हणालो, अगं माफी तरी माग. म्हणाली, "मागितली. ती हो म्हणाली आणि पुढच्या डब्यात गेली."

मग तिला यंत्राच्या आलेखात एक बारीकसं टोक दिसलं. आधीही ते होतं, पण इतकं लहान की तिनं आणि मॅडमनी दोघींनीही सोडून दिलं होतं. तिनं त्याची वजनं जुळवून पाहिली. मेंढ्यांच्या अंगावरचे गोचीड मारायला फवारतात, त्या औषधाचं ते टोक होतं.

तीन हजार वर्षांपूर्वी गोचीड असतील. गोचिडाचं औषध नव्हतं.

मी म्हणालो, कुणीतरी मुद्दाम केलं असेल. मारुतरावांवर माझा पहिल्यापासून संशय होता. ती म्हणाली, "मारुतरावांकडं मेंढ्या नाहीत." मेंढ्या कुणाकडं आहेत ते दोघांनाही माहीत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

रविवारी आम्ही मोटारसायकलवर गावाला गेलो. आबा झेंडूला पाणी देत होते, आम्हाला बघून हसत आले. पोरीनं गावात मान मिळवून दिला, त्याचं तेज अजून अंगावर होतं. सासूबाईंनी चहा टाकला. हर्षदा पडवीत उभीच राहिली. मला वाटलं होतं, ती हळूच विषय काढेल. ज्ञानेश्वरीला विचारलं असेल, त्याच आवाजात तिनं विचारलं.

"आबा, खापरं हितं होती तवा कुणी हात लावला?"

आबांचं हसू गेलं. "कुणी न्हाई."

"तुम्ही?"

"मी कशापायी लावू?"

"आबा, खरं सांगा. मला कळलंय."

"काय कळलंय?" आबांचा आवाज चढला. मी त्यांना कधी चढलेल्या आवाजात ऐकलं नव्हतं. "त्यात काय न्हवतं. माती व्हती नुसती. मी काय बी घेतलं न्हाई. बिरोबाची आण."

तिनं चोरीचं विचारलंच नव्हतं. पण हिवाळाभर गाव त्यांना मागून जे म्हणत होतं, तेच आता लेक तोंडावर विचारतेय, असं त्या माणसाला वाटलं. मला ते लगेच दिसलं. हर्षदाला दिसलं नाही. ती त्यांच्या खांद्यावरून मागं बघत होती. पडवीतल्या दोरीवर त्यांची काळी घोंगडी वाळत होती. ती गेली, घोंगडीच्या कडेचे लोकरीचे चार धागे कात्रीनं कापले आणि पर्समधल्या छोट्या बाटलीत घातले. बापासमोर. मला तिचा हात धरावासा वाटला.

सासूबाई चहाचं पातेलं घेऊन दारात आल्या होत्या. त्यांना राहवेना. "सांगा की तिला. त्यात लाजायचं काय हाय?"

मग त्याच म्हणाल्या, "थंडी लई पडली व्हती बाय. हे दोनदा उठून बघून आलं. म्हनलं, लेकराचं मडकं आसल तर? कुनाचं तरी लेकरू आसल त्यात. उगडं कसं ठिवायचं? म्हून घोंगडीत गुंडाळून ठिवलं, आन् तू यायच्या आदी काढलं. तू हात लावू नगं म्हनली व्हती, म्हून बोललं न्हाई."

त्या रांजणात लेकरू नव्हतं. साठवणीचा रांजण होता, हर्षदाला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आबांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुणाला सांगावंसं वाटलं नव्हतं. आमच्या देवालासुद्धा घोंगडीवर बसवतात. पांघरायला त्याहून चांगलं त्यांच्याकडं दुसरं काही नव्हतं.

हर्षदा खाली बसली. आबा म्हणाले, "त्यानं काय झालं? वाईट झालं का काय?" ती म्हणाली, "न्हाई आबा. काय न्हाई झालं." हे तिचं मी ऐकलेलं पहिलं खोटं.

परत येताना मी तिला समजावलं, आणि त्यात मला आजही काही चूक वाटत नाही. म्हणालो, निबंध स्वीकारला गेलाय. ते बारीक टोक जगात कुणाच्या नजरेस पडलेलं नाही. आबा स्वतः नाही म्हणाले, आणि सासूबाईंचं बोलणं आपल्या घरातलं. आपलेच दात, आपलेच ओठ. मुलाखत बुधवारी आहे, ती होऊ दे, पुढचं पुढं. ती मागं बसून सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पारावर काय सांगायचं त्यांनी?" म्हणजे तिलाही तेच सलत होतं. जागेपेक्षा तो पारावरचा चहा.

सोमवारी सकाळीच तिनं घोंगडीची लोकर यंत्राला दिली: तीच चरबी, तेच औषध. दुपारी ती मॅडमकडं गेली. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, निबंध मागं घ्यायचा तर कारण स्पष्ट लिहायला हवं: नमुना संशोधिकेच्या वडिलांनी हाताळला. माझा तेव्हापासून त्या बाईंवर विश्वास नाही. खापरं पडवीत मांडताना त्याही तिथंच उभ्या होत्या. हर्षदा म्हणाली, वडिलांचं नाव येणार नाही. नमुना नीट राखण्याची जबाबदारी माझी होती, चूक माझी, एवढंच लिहा. मॅडमना ते सोयीचंच होतं. पुढं तसं छापून आलं, तिच्या एकटीच्या नावानं. बुधवारची मुलाखत झाली. जागा दुसऱ्या कुणाला गेली आणि तिची तात्पुरती नोकरीही पुढं वाढली नाही.

आता ती कुरकुंभला औषधाच्या कंपनीत आहे. तिथंही तेच यंत्र आहे, आणि तिच्यासारखं संशयी माणूस त्यांना हवंच असतं. तिनं अडवलेला माल कुणी सोडवू शकत नाही, असा तिचा दरारा आहे. पगार पुण्यापेक्षा बरा. मी म्हणतो, झालं ते बरंच झालं. ती मान हलवते आणि विषय बदलते. एकदा तेवढं म्हणाली, "मला ते खरं असायला हवं होतं रे." आणि रडली. मी बाजूला बसून राहिलो.

गावात बातमी पोचायची तशीच पोचली. लोकरीचं सगळं खोटं निघालं, आणि पोरीची नोकरी गेली. आता नोकरी का जाते? मारुतरावांनी पारावर उत्तर देऊन टाकलं, "आमी म्हनलं न्हवतं? पडवीत घोळ झाला म्हून." रांजणात सोनं होतं, गेणबानं हात मारला आणि पुण्याच्या लोकांनी लेकीला काढली, अशी गोष्ट पक्की झाली. आबांनी पारावर जाणं सोडलं. हर्षदानं त्यांना फोनवर सगळं उलगडून सांगितलं, लोकरीची चरबी, औषध, टोक. ते हूं हूं करत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हंजी माझ्याच हातानं झालं." ती नाही नाही म्हणत राहिली.

आमच्या मुलीच्या बारशाला ते दौंडला आले. नवा सदरा, धोतर, अंघोळ करून आलेले. पण घरात शिरल्यावर भिंतीकडेला बसले ते हलेनात. पुढ्यात चहा ठेवला तर कपाला हात लावेनात. सासूबाईंनी उचलून हातात दिला, तेव्हा प्यायले. हर्षदाच्या टेबलाजवळून मोरीकडं जायचं होतं, तर दोन्ही हात पाठीमागं बांधून, अंग चोरून गेले. मला वाटलं, बारशाच्या बायकांत बुजलेत.

बायका गेल्या, आणि पाळण्यात पोरगी रडायला लागली. सगळ्यांत जवळ आबाच होते. उठले, पाळण्यापाशी गेले, वाकून बघितलं. हात पाठीमागंच. ती रडून लाल झाली, तरी हे नुसते तोंडानं चुचकारत उभे. हर्षदा आतून आली.

"आबा, घ्या की तिला."

"घिऊ?"

"मग काय?"

"तुला चालंल?"

तिनं पोरगी उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी घेतली, पण दोन्ही तळव्यांवर, अंगापासून लांब, सदऱ्याला लागू न देता. ओली कोकरं छातीशी धरून घाट चढलेला माणूस तो.

"जवळ धरा आबा," हर्षदा म्हणाली.

"आसू दे," ते म्हणाले. "माझ्या अंगाला लोकर आसती."

पोरगी तशी लांबच रडत राहिली.